जमीलाबीनं पाणी थांबवलं

आमच्या जानेफळात मुसलमान मोहल्ल्यात बाई वारली की दोघींना निरोप जायचा. एक जमीलाबीला आणि एक मला. मी आशाताई. नाव धम्मशीला, पण ते आता रेशनकार्डावर आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडीच उरलंय. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कोणाचा बीपी वाढला, कोणाची लस चुकली, हे सगळं लिहून वर पाठवायचं हे माझं काम. जमीलाबीचं काम वेगळं. ती गुसल द्यायची, म्हणजे मेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालायची. त्यांच्यात पुरुषाला पुरुष न्हाऊ घालतो आणि बाईला बाई. आंघोळ झाली, कफन नेसवलं, की मय्यत नमाजेला आणि तिथून कब्रस्तानात. सगळं शक्यतो त्याच दिवशी.

"तुह्या हातून सुटलं का ते माह्याकडं येते," असं ती मला म्हणायची. मी तिला शेवटची डॉक्टरीण म्हणायचे. पंधरा-सोळा वर्षं आमची ही थट्टा चालली आणि कोणी कोणाचा राग धरला नाही.

जमीलाबी आता बासष्टीची असेल. नवरा गाद्या भरायचा, तो गेला. मूलबाळ नाही. स्वतः रजया शिवते. उंचीला माझ्या खांद्याला लागत नाही, पण तोंड असं की भलेभले तिला पाहून दुसऱ्या गल्लीनं जातात. गुसलाचं काम तिनं सासूकडून घेतलं. ज्या घरी गुसल द्यायची त्या घरी ती चहासुद्धा प्यायची नाही. मी एकदा विचारलं, तुला भीती नाही वाटत? तर म्हणाली, "त्या बाईनं जल्मभर दुसऱ्याईचं धुनं धुतलं असते. एक डाव तिले कोनी धुतलं तं त्यात कायचं भेव?"

तिची पद्धत मला माहीत आहे, कारण पडद्याच्या अलीकडे बसून मी कितीदा ऐकली आहे. पाणी आधी ती स्वतःच्या कोपरावर घालून बघायची, तान्ह्या पोराचं बघतात तसं. मेलेल्या बाईशी बोलायची. "आपा, आता कूस बदलून राह्यले हं," असं सांगून मगच कूस बदलायची. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चादर असते आणि तिच्या आत धुणारीनंही बघायचं नाही असा नियम. हाताला कापडाची पिशवी घालून, चाचपत, चादरीखालूनच धुवायचं. अंगाला काही चिकटलेलं असेल, नखाला रंग असेल, तर तो काढायचा, कारण पाणी कातडीच्या कणाकणाला लागायला हवं.

आणि सगळ्यांत मोठा नियम तोंडाचा. धुताना जे दिसेल ते बाहेर सांगायचं नाही. चेहऱ्यावर तेज होतं, असं चांगलं काही दिसलं तर खुशाल सांगावं. पण डाग, जखम, व्यंग, काही म्हणजे काही नाही. एका बाईच्या पाठीवर नवऱ्याच्या माराचे वळ होते हे मला जमीलाबीकडून नाही, त्या बाईच्या लेकीकडून कळलं, तेही दहा वर्षांनी. मी चिडून जमीलाबीला म्हटलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मय्यतीचा ऐब झाकला तं अल्ला आपला झाकते. तिनं जित्तेपनी नाही सांगतलं, म्या काऊन सांगावं?" मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पण आपण त्यात पडू नये म्हणून मी गप्प बसले.

आता सबीहाचं सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट नाही.

सबीहा बांगड्यावाल्या मतीनभाईंची मुलगी. बारावीला चांगले मार्क पडले आणि पोरगी नर्सिंगला जायचं म्हणून बसली. मतीनभाई म्हणाले, रातपाळीचं काम, परक्या पुरुषांचं अंग धरायचं, नको. तेव्हा जमीलाबी सकाळी त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसली. कॉलेजचा फॉर्म घेऊन मी शेजारी. गिऱ्हाइकं यायची, बांगड्या न घेताच जायची. दुपारी मतीनभाईंनी विचारलं, जमीलाबी, तुमी उठनार कधी? ती म्हणाली, "तुमी सही केल्यावर." केली त्यांनी. बुलढाण्याला राहून सबीहा नर्स झाली, मोहल्ल्यातली पहिली. त्या दिवशी जमीलाबीनं मला साखर चारली आणि मीही गावभर अशी मिरवले की जशी माझीच लेक पास झाली.

पुढे ती मेहकरच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. येऊन-जाऊन करायची, आणि संध्याकाळी गावातल्या अंथरुणाला खिळलेल्यांकडे जायची. कोणाची लघवीची पिशवी बदल, कोणाची पाठ पूस, कोणाला सलाईन लाव. कोरोनात तर तिनं कमाल केली. सख्खे लेक दारात उभे राहायला तयार नव्हते तेव्हा ही पोरगी प्लास्टिकचा झगा घालून आत जायची. गुसलाला हात लावायला बायका येईनात, म्हणून जमीलाबीनं तिलाच शिकवलं. पाणी कसं धरायचं, कूस कशी वळवायची, चादर कशी सांभाळायची, तोंड कसं मिटायचं. दोघींनी मिळून त्या वर्षात किती जणींना धुतलं ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर सबीहानं एक रीतच केली. तिच्या हाताखालची आजारी बाई गेली की गुसलाला ती हजर. म्हणायची, "इतके दिवस मी पाह्यलं, आता पानी बी मीच घालते." बायका डोळे पुसायच्या. मीही पुसले आहेत.

कोरोना संपल्यावर तीन वर्षांत सबीहाच्या देखरेखीखालच्या तीन म्हाताऱ्या गेल्या. तिघी झोपेत गेल्या. त्यातली तिसरी जमीलाबीची थोरली बहीण, खैरूनबी. ती विधवा होऊन जमीलाबीकडेच राहायला आली होती. तिला दमा होता, म्हणून सबीहा येऊन बघायची. पण त्या हिवाळ्यात तिला बरं वाटत होतं, रजईला टाके घालायची, आणि गेली त्याच्या आदल्या दिवशी मेथीची भाजी मागून खाल्ली होती. जमीलाबीला त्या संध्याकाळी डोणगावला एका मय्यतीला जावं लागलं, म्हणून तिनं सबीहाला बहिणीजवळ थांबायला सांगितलं. सकाळी परतली तर बहीण गेलेली, आणि सबीहा तिचा हात धरून बसलेली.

मी तिन्ही वेळा कागदावर कारण लिहिलं, वृद्धापकाळ. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन घरांत कोणी छाती पिटून रडलं नाही. वर्षानुवर्षं अंथरुणात पडलेलं माणूस गेलं की घर रडतं आणि त्याच दिवशी गादी उन्हात टाकतं. कोणाला काही खटकलं नाही, मग मलाच कशाला खटकावं? आता वाटतं, मला पगार त्याचाच होता.

चौथी हाजराबी. ही मात्र वेगळी बाई होती.

हाजराबी सत्तरीची, धडधाकट, आणि जगात कशाला भीत नसेल पण सुईला भ्यायची. कोरोनाची लस द्यायला मी तिच्या घरी गेले तेव्हा ती कापसाच्या ढिगात जाऊन लपली होती. लेक रहेमतुल्ला म्हणाला, अम्मी घरी नाही. ढिगातून शिंक आली. तरीही ती बाहेर आली नाही. मी हात टेकले. पुढे ओसरीवरून पडून तिचा पाय मोडला तर दवाखान्यात भूल देतात, सुई टोचतात, म्हणून तिनं हाड बसवणाऱ्याकडून कामट्या बांधून घेतल्या. दोन महिने अंथरुणात होती. सून महेजबीन थकली, म्हणून सबीहाला बोलावलं. सबीहा गोळ्या कुटून गुळात द्यायची, कारण हाजराबी गोळीलाही नाक मुरडायची. पण पाय जुळत होता. त्या आठवड्यात ती भिंतीला धरून चार पावलं चालली होती आणि सुनेला पुन्हा शिव्याही देऊ लागली होती. म्हणजे बरी झालीच म्हणायची.

बुधवारी रात्री सबीहा गोळी देऊन गेली आणि गुरुवारी पहाटे हाजराबी मेलेली सापडली. दुपारच्या नमाजेनंतर माती द्यायचं ठरलं. मी दहाच्या सुमाराला कागद घेऊन गेले. अंगणात खाट उभी करून चादरींचा पडदा केला होता. आत जमीलाबी आणि मदतीला महेजबीन. सबीहाची सकाळपाळी होती, ती निरोप मिळाल्याबरोबर निघाली होती, पण मेहकरची बस वाटेत बंद पडली असा तिचा फोन आला. माझी वाट बघा, असंही ती म्हणाली. पण पाणी निवत होतं, म्हणून जमीलाबीनं सुरू केलं.

मी रहेमतुल्लाला वय विचारत होते. कारणाच्या रकान्यात पहिलं अक्षर लिहिलंही होतं. तेवढ्यात आतलं पाणी थांबलं.

पडदा सारून जमीलाबी बाहेर आली. डाव्या हातात ती कापडाची पिशवी तशीच, मूठ मिटलेली, कोपरावरून पाणी गळतंय. गुसल अर्धं टाकून ती बाहेर आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, हाजराबीनं सुई कधी घेतलती का?"

"मेली तरी घेतली नसती," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझीच मला लाज वाटली.

तिनं मूठ उघडली. आत एक गोल, बिस्किटी रंगाची चिकटपट्टी होती, सुई टोचल्यावर लावतात ती. मधोमध रक्ताचा ठिपका. ओली झाली होती, पण ताजी होती.

"मांडीले होती," ती म्हणाली. "वर. चादरीच्या आत."

मांडीच्या वर, जिथे कोणी बघत नाही आणि बघायचं नाही असाच नियम. तो नियम सुई टोचणाऱ्याला माहीत होता. अशा पट्ट्यांचं पाकीट गावात दोघींकडेच असायचं, माझ्याकडे आणि सबीहाकडे. सुई टोचली की पट्टी लावायची, ही सबीहाची हाताला बसलेली सवय. ज्या हाताला इतकी वर्षं बरं करायची सवय लागली तो हात मारतानाही पट्टी लावतो. आणि काढायला सकाळी ती स्वतः असायचीच. त्या दिवशी बस बंद पडली नसती तर मी माझं अक्षर पूर्ण केलं असतं आणि घरी जाऊन भाकरी थापली असती.

जमीलाबी अंगणाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. रहेमतुल्लाला म्हणाली, "बेटा, म्या पानी थांबोलं. तुह्या मायले आज माती देऊ नको. पोलिसाले बोलाव."

मग जो गलका झाला तो विचारू नका. मशिदीचे सदर, म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, आले, भाऊबंद आले. मय्यत अर्धी धुतलेली ठेवायची हे कोणाला सहन होईना. एक जण म्हणाला, म्हातारी भ्रमिष्ट झाली. दुसरा म्हणाला, दुसरी बाई बोलवा. रहेमतुल्ला नुसता इकडून तिकडे बघत होता. मी मध्ये पडायला गेले तर मला सांगण्यात आलं की ताई, हा तुमचा विषय नाही.

तेवढ्यात सबीहा ऑटोतून उतरली. पडद्याशी गर्दी बघून तिनं ओढणी सारखी केली आणि सरळ आत जायला निघाली. जमीलाबीला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. "खाला, थांबल्या काऊन? सरका, बाकीचं मी करते."

जमीलाबी पडद्यासमोर बाज ओढून बसली. ओल्या कपड्यांनी, पिशवी हातात तशीच. त्या दोघी आपसात घरच्या बोलीत बोलतात, मी माझ्या कानाला लागलं तसं सांगते. सबीहा खाली वाकून, अगदी मायेनं म्हणाली, "खाला, मय्यतीचं बाहेर सांगत नाहीत. तुमीच तं शिकवलं."

मला वाटलं, आता जमीलाबी उठते आणि एक कानाखाली ठेवून देते. पण ती एवढंच म्हणाली, "हाव, म्याच शिकवलं," आणि जागची हलली नाही.

शेवटी बोलली ती महेजबीन. सासूचं सगळं करून जी दोन महिने गप्प होती, ती पडद्याआडून म्हणाली, "अम्मी सुई घेत नोती. म्या बी पाह्यली ती पट्टी. पोलिसाले बोलवा." सुनेनं म्हटल्यावर रहेमतुल्लानं फोन काढला. पोलीस येईपर्यंत जमीलाबी त्या बाजेवर बसून होती आणि सबीहा तिच्यासमोर उभी होती.

तपासणीत निघालं ते एवढंच, की जिला साखरेचा आजार कधी नव्हता त्या बाईच्या अंगात साखरेचं औषध होतं, आणि ते त्या मांडीतूनच गेलं होतं. माती झाली असती तर ते कोणाला कळलं नसतं. गुळातून झोपेची गोळीही दिली होती. सबीहा आधी म्हणाली, चुकून दिलं. पोलिसांसमोर एकदा म्हणाली, मी त्यांना सोडवलं. मग पुन्हा म्हणाली, चुकून. कशातून सोडवलं, हे मला तिला विचारायचं आहे. हाजराबी भिंतीला धरून चालत होती. खैरूनबी मेथी खात होती. कोणाचा गू-मूत काढून पोरी थकतात, हे मला कळतं, मी स्वतः थकते. थकली असेल तर तसं सांगायचं होतं. आम्ही दुसरं कोणी बघितलं असतं. आमच्या पायावर कुऱ्हाड मारली असती तर एक वेळ सोसली असती, इथे आम्हीच तिच्या हाती कुऱ्हाड दिली आणि दांडा नीट धर म्हणून शिकवलं.

दोन दिवसांनी जमीलाबी माझ्या घरी आली. बसली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. पहिल्या दोघींच्या वेळी सबीहानं चादरीखाली हात घालून काहीतरी काढून मुठीत चुरगाळलं होतं. विचारलं तर म्हणाली, खाला, सलाईनची पट्टी. जमीलाबीनं पुढे विचारलं नाही, विचारायचं नसतं म्हणून. आणि तिसरीच्या वेळी, बहीण म्हणून तिनं सगळं स्वतःच्या हातानं केलं होतं, सबीहाला फक्त पाणी ओतू दिलं होतं.

"खैरूनच्या मांडीची पट्टी म्या काढली, ताई," ती म्हणाली. "ह्या हातानं. म्हनलं, काई असंन दवापान्याचं. नालीत फेकून देल्ली."

मी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या हातात धरला, प्याली नाही, परत ठेवला आणि गेली.

खटला बुलढाण्याला उभा राहिला, तो फक्त हाजराबीचा. बाकी तिघी मातीत होत्या. त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती आणि कबर उकरायचं नाव काढलं की मोहल्ल्यात आग लागायची. सरकारी वकिलांनी जमीलाबीला बोलावून समजावलं, मी सोबत होते. म्हणाले, आजी, तुम्ही हाजराबीचं जे पाहिलं तेवढंच सांगा. बाकीचं काढलंत तर समोरचा वकील तुम्हालाच धरेल. पुरावा तुमच्या हातानं फेकलात, गप्प राहिलात, म्हणेल. पण खरं हेही होतं की एकाच बाईचं प्रकरण चुकून झालं म्हणून सुटू शकतं. चार बायकांच्या बाबतीत एकाच जागी, एकाच पट्टीखाली चूक होत नाही. आणि ते सांगणारी जगात एकच बाई होती.

कोर्टात जायच्या आधी जमीलाबी त्या पहिल्या दोघींच्या घरी गेली. मला दाराबाहेर थांबवलं. तिला म्हणायचं होतं, तुमच्या आईचं अंग मी बघितलं, ते मला कोर्टात सांगावं लागेल, मला माफ करा. पहिल्या घरी लेकानं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या घरची सून म्हणाली, "आमच्या सासूची मांडी तुमी कोर्टात दाखोसान? मंग आमच्या मयतीले तुमाले कोन बोलावंन?" आणि तसंच झालं. त्या दिवसानंतर जानेफळात गुसलासाठी मेहकरहून बाई येऊ लागली. ज्या बाईनं गुन्हा उघडा केला तिला गावानं बेइमान ठरवलं, आणि जिनं गुन्हा केला तिच्याबद्दल अजूनही लोक म्हणतात, पोरगी हातानं फार हलकी होती. मी हे मोहल्ल्याचंच सांगत नाही. आमच्या वस्तीतही लोक मला म्हणाले, ताई, तू कशाला त्या भानगडीत? माझ्या तोंडावर म्हणाले.

साक्षीच्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दोघी निघालो. जमीलाबीनं धुवट पांढरी ओढणी घेतली होती. सबीहा उभी होती त्या पिंजऱ्याच्या बाजूला तिनं बघितलं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं तेवढं नीट सांगितलं. पाणी, पट्टी, थांबवलं, पोलीस. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग सबीहाचा वकील उठला. तरुण होता, गोड बोलायचा. म्हणाला, "आजी, सबीहा तुमच्यासोबत किती वर्षं गुसल द्यायची?"

"चार-पाच साल."

"तिला तुम्हीच शिकवलं?"

"हाव."

"इतक्या वर्षांत तिच्याबद्दल कोणाकडे तक्रार केलीत?"

"नाही."

"म्हणजे हाजराबीच्या आधी तिच्या हातून काही वावगं झालेलं तुम्ही पाहिलं नाही. बरोबर?"

नाही, एवढा एक शब्द पुरेसा होता. वकिलानं तो जवळजवळ तिच्या तोंडात घालून दिला होता. सरकारी वकील मान खाली घालून कागद बघत होते. जमीलाबीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"पाह्यलं," ती म्हणाली.

वकील थांबला. न्यायाधीशबाईंनी वर बघितलं आणि विचारलं, काय पाहिलं?

तिनं तीन नावं घेतली. प्रत्येकीचं नाव, घर, आणि मरणाच्या किती दिवस आधी सबीहा त्यांच्याकडे यायला लागली ते. दोघींच्या पट्ट्या सबीहानं काढल्या हे सांगितलं. त्या दोन घरांतलं कोणी त्या दिवशी कोर्टात नव्हतं, पण तिनं नाव घेताना कोणी ऐकतंय अशा भीतीनं दाराकडे बघितलं. वकील आता ओरडला, "आणि तिसरी? ही पट्टी कोणी काढली?"

"म्या."

"आणि काय केलंत?"

"फेकली."

"म्हणजे पुरावा नष्ट केलात. ही खैरूनबी तुमची कोण?"

"बहीन. सख्खी." मग न विचारताच ती म्हणाली, "लिहून घ्या, साहेब. माह्या बहिनीले कोनं मारलं ते माह्या हाताले कळलं होतं. म्या हाताचं नाही आयकलं. मले भरोसा होता."

टाइप करणाऱ्यानं ते सगळं टाइप केलं. वकील खाली बसला. मी मागच्या बाकावर होते, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला रागही येत होता, कोणाचा ते नीट सांगता येणार नाही. माझाही होता. तीन कागदांवर वृद्धापकाळ माझ्याच अक्षरात आहे आणि मला अजून कोणी पिंजऱ्यात बोलावलेलं नाही.

बाहेर व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळानं दोन बायका पोलीस सबीहाला घेऊन निघाल्या. वाळली होती. आमच्यासमोर आली तशी थांबली. पोलिसांनी ओढलं, तरी थांबली.

"खाला," ती म्हणाली. मला वाटलं, शिव्या देते की माफी मागते. तिनं दोन्ही केलं नाही. "अम्मीचं काई खरं नाही म्हनतात. बिस्तरावर हाये. तिचं काई झालं तं तुमीच करजा. दुसरीचा हात लागू देऊ नका."

पोलीस सबीहाला घेऊन गेले. आम्ही उठलो, स्टँडवर आलो, मेहकरची बस धरली.

चिखली मागे गेली. मग जमीलाबी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "सालभरात मले बोलावनारी हेच एक निंगाली."

"जाशील?" मी विचारलं.

"जाईन. तिच्या मायनं काय केलं?"

मेहकर जवळ आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या माह्यासाठी तिलेच सांगून ठेवलं होतं, ताई. म्हनलं, बाकी कोनी नको, मले तूच न्हाऊ घालजो. ते म्हने, हाव खाला. आता कोन घालीन?"

मी घालेन, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण मी बौद्धाची बाई, त्यांच्यात ते चालणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तिचा हात माझ्या हातात घेतला आणि बस मेहकर स्टँडला लागेपर्यंत तसाच धरून बसले.